मोडीला आलेली दौत

सोलापूरच्या सराफ बाजारात जुनी चांदी मोडीला येते, तेव्हा ती आधी काट्यावर चढते. वाळे, पैंजण, चेपलेली फुलपात्रं आणि त्यातच एखादी लिंबाएवढी दौत. काट्याला वजन कळतं, घाट कळत नाही. घडणावळ बुडते, घट धरली जाते, भाव ठरतो आणि सगळं एकाच मुशीत जातं. जुन्या लेखनसाहित्याच्या संग्राहकाची धडपड असते ती काटा आणि मूस यांच्यामधल्या तेवढ्या वेळासाठी.

अशी दौत हातावर घेऊन पाहावी. बूड रुंद, म्हणजे कलंडायची भीती नाही. मान आखूड, झाकण मळसूत्राचं, बाजूला दोरी ओवायला कड्या. आत चिंधीचा बोळा असे. बोरूचं टोक तळाला आपटून बोथट होऊ नये आणि शाई बेतानं लागावी म्हणून. काजळ आणि डिंकाची ही शाई धातूला अपाय करत नाही. विलायती दौतीत मात्र काचेची वाटी बसवलेली सापडते, कारण हिराकस-मायफळाची शाई आम्लधर्मी, ती धातू खाते. आत डोकावलं तरी कुठल्या शाईची दौत, याचा अंदाज येतो.

दौतीची भावंडंही देखणी. लेखण्या आत आणि शाईची कुपी बाहेर टोकाला असलेलं, कमरेला खोचायचं कलमदान. ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरायची सच्छिद्र डबी.

सोलापुरात 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये जुनी मिल उभी राहिली. तो टाकाचा, टीपकागदाचा आणि इंग्रजी पत्रव्यवहाराचा काळ. लंडनच्या सॅम्पसन मॉर्डन यांनी जॉन आयझॅक हॉकिन्स यांच्यासह 1822 मध्येच शिसं पुढे सरकणाऱ्या पेन्सिलीचं पेटंट घेतलं होतं. मॉर्डन यांच्या चांदीच्या पेन्सिलींना आजही संग्राहकांत मान आहे. इंग्रजी चांदीवर चालता सिंह असला की ती 92.5 टक्के शुद्ध, नांगर असला की बर्मिंगहॅमची. आपल्याकडच्या कामावर अशी खूण क्वचितच मिळते. भूजच्या उमरसी मावजी यांची ‘ओ.एम.’ ही अक्षरं हा ठळक अपवाद. एरवी झाळ, ठोक्यांच्या खुणा आणि कोरीव रेघ यांवरूनच कारागीर ओळखायचा.

अशी नजर पुण्याच्या दिनकर केळकरांकडे होती. 1920 च्या सुमारास त्यांनी घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती. इतरांनी अडगळ म्हटलेलं त्यांनी जपलं आणि 1975 मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या दौती पाहिल्या, की लिहिण्याच्या साध्या कामावर कारागिरांनी किती जीव लावला होता ते दिसतं.

या दौतींतल्या शाईनं पेढ्यांचे जमाखर्च मोडीत लिहिले गेले. ती लिपी वाचणारे आज मोजके उरले, आणि दौत मोडीत निघाली.

घरातल्या जुन्या पेटीत अशी दौत सापडली, तर ती पावडरीनं घासू नका. कोरलेलं नाव झिजतं. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा, मऊ कापडानं टिपा, बूड उलटं करून भिंगातून पाहा. कुणाची होती हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, चिठ्ठीवर लिहून तिच्याजवळच ठेवा. सराफाकडे न्यायचीच असेल, तर हे सगळं झाल्यावर न्या.