यंत्र चुकते तेव्हा

'माणूस चुकेल, पण यंत्र चुकायचे नाही,' असे आपण किती सहज म्हणून जातो! या एका समजुतीपायी ब्रिटनमध्ये ९०० हून अधिक माणसे गुन्हेगार ठरली, हे वाचल्यापासून मात्र ते वाक्य माझ्या तोंडी येत नाही.

तिकडे बरीच लहान पोस्ट ऑफिसे दुकानाच्या एका कोपऱ्यात चालतात. ती चालवणारा उपपोस्टमास्तर नोकर नसतो, कराराने बांधलेला साधा दुकानदार असतो. १९९९ पासून त्यांच्या हिशेबासाठी 'होरायझन' ही संगणकप्रणाली आली आणि पडद्यावर हजारो पौंडांची तूट दिसू लागली. तूट भरायची कुणी? करारानुसार त्यानेच. कित्येकांनी कर्ज काढून भरली. मदतीसाठी फोन केला, तर 'अशी तक्रार फक्त तुमचीच आहे' असे उत्तर मिळे, असे अनेकांनी पुढे सांगितले. न्यायालयातही संगणक बरोबरच चालला असणार, असे गृहीत धरले जाई. सीमा मिश्रा हे नाव वाचून तर मी थबकलेच. २०१० मध्ये ही बाई गरोदर असताना तुरुंगात गेली. गुन्हा काय, तर यंत्राने दाखवलेली तूट!

हे सारे मला परके वाटले नाही. आमच्या आजीचा जन्म खुरपणीत आणि शेणामातीत गेला. तिच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या आहेत. रेशनच्या दुकानातले यंत्र तिचा अंगठा घेत नाही. "आजी, तुमच्याच अंगठ्यात खोट आहे," असे दुकानदार म्हणाला, तेव्हा ती पदराला अंगठा पुसत राहिली. मागची रांग कुरकुरू लागली. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाच्या अंगठ्यावर धान्य मिळाले, पण ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. जिने आयुष्यभर कुणाचा दाणा बुडवला नाही, तिला यंत्रापुढे आपणच खोटे ठरल्यासारखे वाटले. ज्या कष्टांनी आमचे घर उभे राहिले आणि घरातली पहिली मुलगी कॉलेजात आली, तेच कष्ट यंत्राच्या लेखी खोट ठरावेत ना!

ब्रिटनमधल्या त्या माणसांना न्याय मिळाला, पण फार उशिरा. वेल्समधील ॲलन बेट्स या उपपोस्टमास्तराने तूट आपली मानायला नकार दिला. त्याचे काम गेले. तरी त्याने आपल्यासारखे इतर शोधले आणि अखेर ५५५ जण न्यायालयात एकत्र उभे राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष होते, असा निर्वाळा दिला. जानेवारी २०२४ मध्ये ही कहाणी दूरदर्शन मालिकेतून घरोघर पोहोचली आणि त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. तोवर काहीजण हे जग सोडून गेले होते.

यंत्रे नकोत, असे मी म्हणत नाही. पण यंत्र आणि माणूस यांचा मेळ बसेना, की आपण आधी माणसाकडेच संशयाने का पाहतो? आपण कला शाखेचे विद्यार्थी. संगणकाच्या पोटात काय चालते, ते आपल्याला कळायचे नाही. पण बेट्स तरी कुठे मोठा शास्त्रज्ञ होता? आपला हिशेब खरा आहे एवढे त्याला ठाऊक होते आणि ते तो वीस वर्षे सांगत राहिला. उद्या आपल्यातले कितीतरी जण कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत खिडकीच्या आत बसतील. बाहेर उभा असलेला माणूस 'माझे बरोबर आहे' म्हणाला, तर पडद्यावरून नजर काढून त्याचे ऐकून घेण्याएवढे शिक्षण आपल्याला येथे मिळावे, एवढेच वाटते.