मेयॉनच्या पायथ्याचं अळू

लेगाझ्पीच्या बाजारात अळूची वाळलेली पानं पाहिली आणि मी जागीच थांबलो. काळपट हिरवी, हात लावला की चुरा होणारी, तंबाखूसारखी गठ्ठ्यांनी मांडलेली. अळू वाळवतात, हेच मला नवीन! आपल्याकडे अळू आणलं की त्याच दिवशी वडी नाहीतर फदफदं. इथे फिलिपिन्सच्या बिकोल भागात मात्र याच सुक्या पानांचं ‘लाइंग’ होतं, आणि ते शिजतं निव्वळ नारळाच्या दुधात.

जिथे उतरलो होतो त्या घरच्या बाईंना सगळे ‘मानाय’ म्हणत, म्हणजे थोरली बहीण. त्यांनी मला चुलीपाशी बसू दिलं. बसक्या खवणीवर नारळ खवून झाले. पहिलं जाड दूध बाजूला ठेवलं. दुसरं, पातळ दूध भांड्यात गेलं. त्यात आलं, लसूण, कांदा, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि खारवून आंबवलेला जवळा. वर चुरलेली पानं पसरली आणि भांडं मंद आचेवर ठेवलं. मी सवयीने डावाकडे हात नेला, तर मानायनी तो अडवला. पानं दूध पिऊन मऊ होईपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर घसा खाजतो, असं तिथली प्रत्येक गृहिणी सांगते.

खाज येते ती पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म, टोकदार स्फटिकांमुळे. त्यावर आपण चिंच घालतो. इथे चिंच नाही, आमसूल नाही, गूळही नाही. ऊन आणि सावकाश शिजवणं, एवढ्यावरच त्यांनी अळू वठणीवर आणलेलं!

शेवटी जाड दूध आणि मूठभर तिखटजाळ मिरच्या. तेल सुटून कडेला तरंगू लागलं तेव्हाच भांडं उतरलं. गरम भातावर पहिला घास घेतला: आधी नारळाचा गोडवा, मग जवळ्याचा खारटपणा, आणि मग मिरची अशी चढली की डोळ्यांतून पाणी. मिरची तिथेही परकीच. अमेरिका खंडातून ती स्पॅनिश काळात तिथे पोचली, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर. पण तिखट जेवणासाठी बिकोल फिलिपिन्सभर ओळखला जातो.

मागच्या खिडकीतून मेयॉन ज्वालामुखी दिसत होता, सुमारे २,४६० मीटर उंचीचा, रेखीव शंकूचा. १८१४ च्या उद्रेकात त्याने काग्सावा गाव गाडलं. चर्चचा मनोरा तेवढा आजही उभा आहे. त्याच डोंगराच्या राखेने इथली जमीन सुपीक केली आहे.

अळू आणि नारळ आपल्या कोकणातही मुबलक आहेत, तरी या दोघांचं असं लग्न मी आपल्याकडे पाहिलेलं नाही. लेगाझ्पीला गेलात तर लाइंग जरूर मागा, शक्यतो आदल्या दिवशीचं. मुरल्यावर ते जास्त चांगलं लागतं. शाकाहारी असाल तर मांस आणि जवळा नको, हे आधीच सांगून ठेवा.