जुनं सीओटू मशीन, किंमत बोलून

तर मंडळी, या वीकेंडचा विषय: वापरलेलं मिग वेल्डिंग मशीन घ्यायचं तर किती पैसे मोजावेत? हसू नका. मी जावा लिहून पोट भरतो हे खरं, पण डिग्री मेकॅनिकलची आहे. (कॅम्पसला आयटीवाले आधी आले, त्याला मी काय करणार!)

माझ्या मामेभावाला, म्हणजे दादाला, चिखलीत स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान टाकायचंय. वहिनीच्या पाटल्या ठेवून पन्नास हजार उभे केलेत. भोसरीत एक काका शॉप बंद करत होते, त्यांचं मशीन ४०० अँपिअरचं, भाव ६५ हजार. "तू इंजिनीअर ना, चल बघायला," दादा म्हणाला. मी गेलो, पण दादाच्या ओळखीच्या एका वेल्डरलाही सोबत घेतलं.

आधी एक गंमत. शॉपमध्ये मिग कोणी म्हणत नाही, सगळे 'सीओटू' म्हणतात. पुस्तकाप्रमाणे नुसता कार्बन डायऑक्साइड वापरला की ते मॅग, कारण तो आर्कमध्ये निष्क्रिय राहत नाही. हे ज्ञान तिथे पाजळायचं नसतं.

काकांचा मुद्दा एकच, "२०१२ साली दीड लाखाला घेतलंय." पण तेव्हा काय पडलं याचा आजच्या किमतीशी संबंध नाही. आज तेवढंच काम करणारं नवीन कितीला पडतं, तिथून खाली यायचं.

आणि 'तेवढंच काम' म्हणजे किती, ते मागच्या नेमप्लेटवर असतं. समोर मोठ्या अक्षरात ४०० लिहिलंय, ठीक. पण ड्यूटी सायकल? आमच्या मशीनवर ६० टक्के होतं, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं आराम. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ४०० ला ०.६ च्या वर्गमुळाने गुणलं की साधारण ३१० अँपिअर न थांबता मिळतात. हेच २० टक्के असतं तर? जेमतेम १८०! दोन्हीवर ४०० च लिहिलेलं. (शिकलेलं कुठेतरी कामाला आलं बघा.)

दुसरं, आत काय आहे? हे जुन्या पद्धतीचं, ट्रान्सफॉर्मरवालं धूड होतं. चौघांशिवाय हलत नाही, वीज जास्त खातं. पण वाइंडिंग तांब्याचं असेल तर भंगाराच्या भावाखाली किंमत जात नाही, आणि जळलं तर रिवाइंडिंग करून मिळतं. जुन्या इन्व्हर्टरचं तसं नाही. कार्ड उडालं आणि ते मॉडेल बंद झालेलं असलं की उरतो डबा. वेल्डरने कव्हर उघडायला लावलं, ब्लेडने टोकाशी वार्निश खरवडलं. तांबं निघालं. ॲल्युमिनियम असतं तर तिथूनच परत फिरलो असतो.

मग चालवून बघणं. गरम मशीनच खरं बोलतं आणि विकणारा दोन मिनिटांत बंद करतो. जाड प्लेटवर, मोठ्या करंटला, चांगली वीस मिनिटं थांबून थांबून चालवलं. पंखा नीट, जळक्या वार्निशचा वास नाही. नंतर करंट उतरवून पातळ पत्र्यावर. बरोबर जमलेल्या आर्कचा आवाज भजी तळल्यासारखा अखंड चर्र येतो. आमचा मध्येच अडखळत होता. वायर फीडरचे रोल झिजलेले, लायनर तुंबलेला. टॉर्चची केबल दोन ठिकाणी टेप मारलेली, रेग्युलेटरचा हीटर मेलेला, आणि सिलिंडर काकांचा नव्हेच, गॅसवाल्याचा.

वेल्डरने पानाच्या टपरीवर हिशोब मांडला. टॉर्च, रोल, लायनर, रेग्युलेटर, मिळून बारा हजार. दादाला मुख्यतः ग्रिल आणि गेट करायचेत, म्हणजे ४०० अँपिअर वर्षातून चारदा लागणार. ती ताकद काकांना विकायचीय, आपल्याला विकत घ्यायची नाहीये.

दादाने ३५ सांगितले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा मुलगाही हिंजवडीला आयटीत आहे, हे चहा पिताना कळलं. ३८ ला तुटलं, टेम्पोचं भाडं आमचं.

काकांनी वायरचं उरलेलं अर्धं रीळ स्वतःहून टेम्पोत ठेवलं. म्हणाले, ओल लागू देऊ नका.