पहिले वीस तास

नवी एटीव्ही, म्हणजे माती-चिखलात चालणारी उघडी चारचाकी, दारात उतरली तेव्हा तिच्यासोबत एक जाडजूड मॅन्युअल आलं आणि दोन सल्ले आले. ट्रेलरवरून गाडी उतरवणारा मुलगा म्हणाला, "हल्लीच्या इंजिनांना काही लागत नाही, खुशाल चालवा." शेजारच्या शेतकरी गृहस्थांचा निम्मा जन्म अशा गाड्यांवर गेलेला. ते म्हणाले, "पहिल्या दिवसापासून दाबून चालव, नाहीतर इंजिन कायमचं सुस्त राहील." मॅन्युअल म्हणत होतं की पहिले दहा तास थ्रॉटल निम्म्याच्या वर फार वेळ धरू नका, पुढचे दहा तास पाऊणच्या वर धरू नका आणि दर तासाभराने इंजिन पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या. तिघांचंही बोलणं ठाम होतं. मी किल्ली हातात घेऊन नुसतीच उभी होते.

आम्ही ऑन्टॅरिओत, पीटरबरोच्या उत्तरेला राहतो. शहरातलं घर विकून इथे थोडी जमीन घेतली. मागे मेपल आणि सीडरची झाडी आहे आणि रस्त्यापासून दारापर्यंत लांबलचक वाट. वादळात पडलेली झाडं ओढून आणायची, सरपण वाहायचं, हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ ढकलायचा, या कामांसाठी एटीव्ही हवीच होती. पण माझी ओळख पुण्यातल्या स्कूटरशी आणि इथल्या कारशी. दोन्ही गाड्यांचं पोट कधी उघडून पाहिलं नव्हतं. बिघडलं की गॅरेज.

शेवटी काकांना फोन लावला. काकांची वाळवा तालुक्यात उसाची शेती आहे, ट्रॅक्टर त्यांनी हयातभर वापरलेत. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अगं, तासांचं मीटर आहे का तिला?" आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग किलोमीटर बघूच नकोस. माती-चिखलात गाडी चालते कमी आणि राबते जास्त. आमच्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस पन्नास तासांची असते, तुझी किती तासांची ते बघ. आणि पहिलं ऑइल वेळेत काढ, त्यात कंजुषी करू नकोस."

"पण काका, हळू चालवू की जोरात?"

"एकसारखी चालवू नकोस," काका म्हणाले.

या उत्तराने मी आणखीच गोंधळले. मग रात्री बसून वाचलं आणि उलगडा झाला. सिलिंडरची आतली भिंत दिसते गुळगुळीत, पण तिच्यावर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनवरच्या रिंगा या रेघांवर घासून घासून सिलिंडरच्या नेमक्या आकारात बसतात. त्या नीट बसल्या की स्फोटाचा दाब खाली निसटत नाही आणि ऑइल वर चढून जळत नाही. रिंगांना भिंतीवर दाबून धरतो तो हाच ज्वलनाचा दाब, म्हणून इंजिनावर थोडा भार यावाच लागतो. नुसतंच हलक्या हाताने, एकाच गतीने फिरवत राहिलं तर रेघा झिजायच्या आधीच भिंतीवर चकचकीत थर चढतो आणि रिंगा नीट बसतच नाहीत. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण थ्रॉटल दाबून चढ चढवला, तर अजून न रुळलेले भाग तापतात आणि एकमेकांना ओरखडतात. थोडक्यात, शेजारच्या गृहस्थांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं आणि मॅन्युअलही गाडी हळू चालवा असं म्हणत नव्हतं. दोघांच्या मधलं वाक्य काकांनी सांगितलं होतं: वेग बदलता ठेवा, भार द्या, काढा, पुन्हा द्या. थंड इंजिनाला आधी गरम होऊ द्या. जड ओझं मात्र इतक्यात ओढू नका.

इंजिनाचा गुंता असा सुटला, पण चालवायला बसले तेव्हा कळलं की रुळायचं मलाही आहे. स्कूटरवर मनगट पिळलं की वेग येतो. इथे थ्रॉटल अंगठ्याखाली असतो. मनगट पिळलं की काहीच होत नाही आणि खड्ड्यात दचकून मूठ आवळली की अंगठा आपोआप दाबला जाऊन गाडी उसळते. दुसरी सवय त्याहून घातक. दुचाकी कलली की आपण पाय जमिनीवर टेकवतो, विचार न करता. एटीव्हीवर पाय खाली गेला तर मागचं चाक त्यावरून जातं. पाय फूटरेस्टवरच ठेवायचा, वळताना शरीर आत झुकवायचं, चढावर पुढे सरकायचं, उतारावर मागे. कॅनडा सेफ्टी कौन्सिलचा एटीव्हीचा कोर्स आहे. माझ्यासारख्या दुचाकीवरून आलेल्या माणसाने तो केल्याशिवाय बसूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. या गाडीवर माणूस बसून राहत नाही, तो तिचा तोल असतो. एकाच्याच बैठकीच्या गाडीवर मागे कुणाला बसवायचं नाही, त्याचं कारणही हेच. दुसऱ्या माणसाचं वजन चालकाला सरकू देत नाही.

या गाड्यांचा इतिहास वाचला तेव्हा या नियमांमागची किंमत समजली. होंडाने १९७० साली तीन चाकांची यूएस ९० आणली. थंडीत मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा विकायला काहीतरी हवं, ही अमेरिकेतल्या विक्रेत्यांची गरज होती. इंजिनिअर ओसामु ताकेउची यांनी फुग्यासारखे मोठे, कमी दाबाचे टायर लावून ती बनवली. वाळूवर, बर्फावर, चिखलात ती सहज जायची आणि लोकांच्या उड्या पडल्या. पण तीन चाकं आणि नवखे हात यांचं जमलं नाही. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री बंद केली. तोवर सुझुकीची चारचाकी एटीव्ही बाजारात येऊन काही वर्षं झाली होती. मी चालवते ती गाडी त्या वंशातली.

टायर अजूनही तसेच मऊ आहेत. आमच्या कारच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असते. एटीव्हीच्या पट्टीवर ५ पीएसआय छापलेलं पाहून मला वाटलं एक आकडा पुसला गेलाय. पुसलेला नव्हता. इतक्या कमी हवेमुळेच टायर दगडावर पसरतो आणि चिखलात पकड घेतो. पेट्रोल पंपावरच्या मोठ्या कॉम्प्रेसरने तो क्षणात गरजेपेक्षा फुगतो, मग गाडी टणाटण उसळते आणि वळणावर घसरते. आणि कारचं प्रेशरगेज इथे कामाचं नाही. ५ आणि ७ मधला फरक त्यावर ओळखूच येत नाही, आणि इथे तो फरक मोठा असतो.

सुरुवातीच्या तासांत मी रोज गाडीभोवती एक फेरी मारायचे. ही सवयही काकांचीच. एका सकाळी मागच्या डाव्या चाकाचा एक नट हाताने फिरला. नवी गाडी, आणि नट सैल! घाबरून मॅन्युअल उघडलं तर त्यात लिहिलेलंच होतं की पहिल्या काही तासांनी नट पुन्हा आवळा, कारण नवे भाग एकमेकांत बसताना थोडी जागा होते. टॉर्क रेंच विकत आणला. नेमक्या ताकदीला टक् असा आवाज करून हा पाना सांगतो की पुरे. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळत गेले. चारही टक् ऐकले तेव्हा या यंत्राशी पहिल्यांदा ओळख झाल्यासारखं वाटलं.

वीस तास भरले आणि पहिलं ऑइल काढायचा दिवस आला. इंजिन कोमट केलं, खाली परात सरकवली, बोल्ट सोडला. ऑइल काळं नव्हतं. पण उन्हात धरल्यावर त्यात बारीक चमक तरंगत होती. बोल्टच्या टोकाला चुंबक असतो आणि त्यावर काजळासारखी मऊ राखाडी लुकण जमली होती. चिमटीत घेतली तर बोटाला कण टोचत नव्हते, नुसती भुकटी. हीच ती रिंगांची आणि गिअरांची झीज, पहिल्या वीस तासांची. तिचा फोटो काढून काकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन, "भुकटी आहे ना? मग छान. तुकडा निघाला असता तर काळजी. आता फिल्टरही बदल आणि मागच्या गिअरचं ऑइलही काढ." पहिल्या सर्व्हिसला लोक टाळाटाळ करतात, गाडी तर नवी आहे म्हणतात. त्या परातीतली चमक पाहिलेली व्यक्ती तसं म्हणणार नाही.

ऑइल कुठलं, हाही घोळ होता. आमच्या गाडीत क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि ती या क्लचला घसरवतात. डब्यावर अशा क्लचसाठीची जासो एमए ही खूण पाहूनच घ्यायचं.

बाकीची निगा फारशी अवघड नाही, फक्त नियमित हवी. एअर फिल्टर फोमचा आहे. धुळीच्या वाटेवरून आल्यावर तो धुवायचा, पूर्ण वाळवायचा, फिल्टरचं ऑइल लावून पिळायचा. कोरडा फोम धूळ अडवत नाही. चाकांच्या आसाच्या सांध्यांवरची रबरी आवरणं फाटली नाहीत ना ते पाहायचं. आत चिखल गेला की सांधा लवकर खलास होतो. गिअर बदलायची कटकट नाही, कारण गाडीला सीव्हीटी, म्हणजे आपोआप बदलणारा गिअर आहे आणि त्यात चाकं फिरतात ती रबरी बेल्टवर. पण ओझं ओढताना किंवा अगदी हळू जाताना लो रेंजमध्येच ठेवायचं, नाहीतर बेल्ट तापतो. ओढ्यातून जाताना बेल्टच्या खोक्यात पाणी शिरलं तर बेल्ट घसरतो. तिथे पाणी काढायचा प्लग असतो, तो कुठे आहे हे आधी शोधून ठेवावं. धुताना पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर मारायचा नाही. पाईपच्या साध्या पाण्याने चिखल भिजवावा आणि मग हळू काढावा. रेडिएटरमध्ये सुकलेला चिखल हे इंजिन तापण्याचं इथलं नेहमीचं कारण आहे.

इथल्या थंडीचा एक धडा मात्र काकांकडेही नव्हता. बर्फ ढकलायला गाडी पाच मिनिटं काढली आणि परत ठेवली, असं वारंवार झालं की इंजिन पुरतं गरम होत नाही. आत जमलेली वाफ पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल मोजायच्या पट्टीवर ताकासारखा पांढरट थर दिसतो. म्हणून काढलीच तर पूर्ण गरम होईपर्यंत चालवायची. वाट साफ झाली की मी झाडीतून एक मोठा फेरा मारून येते. शेजारचे गृहस्थ हात करतात. त्यांना वाटतं मी मौजेने फिरते, आणि तेही खोटं नाही.

कुणी नवी एटीव्ही, ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर घेत असेल तर एवढं सांगते. मॅन्युअलमधलं रुळवण्याचं पान पहिल्या दिवशी वाचा, तासांची वही ठेवा आणि पहिलं ऑइल स्वतःच्या हाताने काढा. आणि एटीव्ही असेल तर कमी दाबाचं प्रेशरगेज गाडीसोबतच मागून घ्या.