बंद पाकीट

आमच्या वाईच्या घरी पत्रं तारेत ओवून ठेवायची पद्धत होती. माजघरातल्या खुंटीला टांगलेली जाड तार, तिच्यात वर्षभराची पोस्टकार्डं. कार्ड कुणीही वाचावं. कधीकधी पोस्टमनच दारातून बातमी सांगायचा, 'मुलगा झालाय, पेढे काढा.' पण आत्याच्या नावाचं निळं अंतर्देशीय आलं, की ते न उघडता तिच्या हातात जायचं. कडेत हेअरपिन घालून ती ते अलगद सोडवायची आणि माडीवर नेऊन वाचायची. आजोबा कडक, घरातल्या पै-पैचा हिशेब मागणारे. पण त्या पाकिटाला त्यांनीही कधी हात लावला नाही.

आत्या शाळेत संस्कृत शिकवायची. मी हॉस्टेलला गेल्यावर तिची पत्रं मला यायला लागली. पिनकोडचे सहा आकडे ती ठळक लिहायची. 1972 साली देशाला ही पद्धत देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी, याचा तिला कोण अभिमान! पुढे माझ्या हाती ईमेल आला, मग मोबाइल, आणि पत्र लिहिणं माझ्याकडून सुटलं. 2013च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हाही तिची पत्रं चालूच होती. अखेर तिची जिवलग मैत्रीण मुलाकडे मेलबर्नला गेली आणि तिकडून पत्र यायला फार दिवस लागू लागले. तेव्हा आत्या मला म्हणाली, "मला ईमेल करून दे. पण सोपा."

'सोपा' म्हणजे शिकवायचं कमी आणि काढून टाकायचं जास्त, असं मला वाटतं. तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मी एकच चिन्ह ठेवलं. जीमेलची भाषा मराठी केली, जाहिरातींचे आणि सोशलचे वेगळे कप्पे बंद केले, अक्षर मोठं केलं. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटेल अशी सोय केली. पाठवलेलं पत्र परत घ्यायची मुभा जास्तीत जास्त 30 सेकंदांची असते. ती पूर्ण दिली. पत्र कसं लिहावं हे मी तिला काय सांगणार? उजव्या कोपऱ्यात 'वाई' आणि तिथी घालून तिने सुरुवात केली, 'सप्रेम नमस्कार, वि. वि.' तारीख आपोआप पडते हे मी बोललो नाही. तिथी थोडीच पडते?

पासवर्डापाशी घरात वाद झाला. 'तो तुझ्याकडेच ठेव, तिला काय लक्षात राहणार? मोबाइल नंबरही तुझाच दे. म्हणजे आपल्याला अधूनमधून बघता येईल.' हे सगळं काळजीपोटीच होतं आणि बहुतेक घरांत असंच करतात. मला ते अजिबात पटत नाही. आयुष्यभर जिची पाकिटं कुणी फोडली नाहीत, तिचा सगळा पत्रव्यवहार म्हातारपणी उघडं पोस्टकार्ड का व्हावा? हात थरथरतो म्हणून माणसाचं खासगीपण संपत नाही. फसवणुकीची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय तिला नीट समजावून सांगणं हा आहे. पासवर्ड किंवा ओटीपी कुणी फोनवर मागितला तर द्यायचा नाही, मी मागितला तरी नाही, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. नंबर तिचाच दिला. पासवर्ड तिने स्वतः टाइप केला, मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. मग तो तिने वहीत लिहिला आणि वही कपाटात, आपल्या कुलपात ठेवली.

परवा फोनवर म्हणाली, "तो पासवर्ड बदलला बरं का मी. जमलं." नवा काय आहे हे मी विचारलं नाही. आता तिला पत्रासोबत अंगणातल्या प्राजक्ताचा फोटो कसा जोडायचा ते शिकायचंय. रविवारी वाईला जातोय.