तळ्याचा दावा

धर्मासाठी लढतो असे म्हणणारी माणसे धर्माचा कौल लावायला धर्मपीठाकडे न जाता इंग्रजांच्या कोर्टात का गेली असतील? महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याविषयी वाचताना मी दरवेळी या प्रश्नापाशी अडतो. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांपुढे तो दावा दाखल झाला. वादी गावातले सवर्ण रहिवासी. प्रतिवादी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. म्हणणे एवढेच की तळे आमच्या मालकीचे आहे, अस्पृश्यांनी त्याचे पाणी भरण्याची वहिवाट कधीच नव्हती, तेव्हा त्यांना कायमची मनाई करावी. नऊ महिन्यांपूर्वी याच तळ्यातून घागरींनी पाणी उपसून, पंचगव्य टाकून, मंत्र म्हणून ते ‘शुद्ध’ करून घेतले होते. मंत्रांवर भरवसा होता तर स्टॅम्पपेपरची गरज का पडली?

मला वाटते, बाकीची दारे एकेक करून बंद होत चालली होती म्हणून. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या आणि कोर्टे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. या यादीत कोर्टेही आहेत, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जिथे दाद मागायची, त्या जागेचे दारही आधी ठराव करून उघडावे लागत होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत या ठरावाला धरून आपले तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर तळे उघडले. पाण्याला मात्र तीन वर्षे कोणी हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, आणि मग वीरेश्वराच्या देवळात हे लोक घुसणार अशी आवई उठवून परतीच्या वाटेवरल्या माणसांना झोडपण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. दंडुक्याने माणसे थांबली नव्हती आणि नगरपालिकेने शब्द फिरवूनही थांबणार नव्हती, हे समोरच्या पक्षाला कळून चुकले होते. तेव्हा दावा आला.

दाव्याची वेळ पाहा. सत्याग्रहाची परिषद २५ डिसेंबरला भरायची. दावा १२ तारखेचा. १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. दाव्याचा निकाल कधी आणि काय लागेल, याची वादींना त्या क्षणी फिकीर असेल असे वाटत नाही. त्यांना हवे होते ते दोन दिवसांत हातात पडले होते. धोरणाच्या भांडणात कोर्टात जाणारे पुष्कळजण निकालासाठी जातच नाहीत, ‘जैसे थे’साठी जातात, आणि जैसे थे ज्याच्या सोयीचे, तो पहिल्याच दिवशी निम्मा जिंकलेला असतो.

परिषदेला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी. पहिल्याच दिवशी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्ध्यांनी ठराव मांडला आणि मनुस्मृतीचे दहन झाले. ते सर्वांना ठाऊक असते. मला जास्त ओढ वाटते ती त्यानंतरच्या घालमेलीची. सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार माणसांनी नावे नोंदवली होती. तुरुंगात जायची तयारी ठेवून, गावोगावहून भाकऱ्या बांधून आलेली माणसे. आणि त्यांच्या पुढाऱ्याच्या हातात कोर्टाचा हुकूम. कलेक्टर स्वतः येऊन मंडपात बोलून गेले. मोडायचा की पाळायचा, यावर रात्र गेली.

आंबेडकरांनी हुकूम पाळायचे ठरवले. तेव्हाही अनेकांना ते पटले नाही, आजही पटत नाही. मला पटते. त्यांचे सगळे म्हणणेच असे होते की कायदा आमच्या बाजूचा आहे, आडवी येते ती रूढी. ज्याचा आधार घ्यायचा त्यालाच पहिल्या पावलाला झुगारले असते, तर सरकार आणि सवर्ण समाज या दोघांशी एकाच वेळी लढावे लागले असते, आणि तेच वादींना हवे होते. तरी या निर्णयाची किंमत ज्यांनी मोजली ती माणसे डोळ्यांपुढून हलत नाहीत. सत्याग्रह तहकूब झाल्यावर त्यांनी मिरवणूक काढली. फलक घेऊन, घोषणा देत ती तळ्याभोवती फिरली. हाताच्या अंतरावर पाणी, आणि हजारोंपैकी एकानेही त्याला स्पर्श केला नाही. कायद्याचे राज्य म्हणजे काय यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या प्रदक्षिणेइतके बोलके उदाहरण सापडलेले नाही. ज्यांना माणूस म्हणून वागवले नाही, त्यांनी त्या दिवशी नागरिक म्हणून वागून दाखवले.

पुढे १९२८ च्या फेब्रुवारीत त्याच कोर्टाने तो तात्पुरता हुकूम उठवला. पण डिसेंबर निघून गेला होता.

मूळ दावा मात्र चालूच राहिला, आणि इथे कोर्टाच्या कामाची रीत जरा जवळून पाहावी लागते. दिवाणी दाव्यात वादपत्र आले, प्रतिवादीची कैफियत आली की न्यायाधीश मुद्दे काढतात. निकालपत्रात डावीकडे मुद्दा, त्याच्यासमोर ‘होय’ किंवा ‘नाही’, आणि खाली ‘कारणे पुढीलप्रमाणे’. या दोन रकान्यांत मावेल तेवढेच भांडण कोर्टाला दिसते. माणसाने माणसाला पाण्यापासून दूर ठेवावे का, हा महाडचा खरा प्रश्न. कोर्टात त्याचे झाले असे: तळे वादींच्या मालकीचे आहे काय? ते नगरपालिकेकडे आहे काय? अस्पृश्यांना मज्जाव करणारी पुरातन रूढी शाबीत होते काय? आंबेडकर ‘बहिष्कृत भारत’च्या अग्रलेखांतून समतेविषयी लिहीत होते, आणि महाडच्या कोर्टात काठावरची पायरी कोणी बांधली, पलीकडचा बांध कोणाच्या हद्दीत येतो यावर साक्षी होत होत्या.

हे आक्रसणे मला फार दिवस जाचत असे. सार्वजनिक प्रश्न कोर्टात गेला की वकिलांचा होतो, त्याची भाषा बदलते, आणि ज्याच्या जिवावर बेतलेले असते त्याला आपलेच भांडण ओळखू येईनासे होते. ती तक्रार माझ्या मनातून अजूनही पुरती गेलेली नाही. पण चवदार तळ्याचा निकाल वाचल्यावर तिची दुसरी बाजू दिसली.

महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये दावा फेटाळला. ठाण्याला अपील झाले, ते १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग मुंबई हायकोर्टात दुसरे अपील. त्याचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी दिला. हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांनी १९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. निकालपत्रात तळ्याचे वर्णन आहे: चार ते पाच एकरांचे, बरेचसे नैसर्गिक, थोडे बांधून काढलेले, चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, त्यांपलीकडे सवर्णांची घरे आणि मोजकी मुसलमानांची, अस्पृश्यांची वस्ती आसपास कुठेच नाही. आणि मग न्यायमूर्ती एक साधा विचार करतात. तळ्याभोवती ही घरे उभी राहण्याआधी हे पाणी फक्त आपल्यासाठी राखावे असा खटाटोप कोणी केला असेल, हेच शंकास्पद आहे. म्हणजे ज्याला हे लोक अनादी म्हणतात ते त्यांच्या घरांच्या जोत्याइतकेच जुने असू शकते. पुरातन रूढी वादींना शाबीत करता आली नाही. अपील फेटाळले.

या निकालात समतेचा जयघोष नाही. कोरडा, मोजून-मापून लिहिलेला कागद आहे. पण रूढीला कोणी पुरावा मागितला होता का कधी? शेकडो वर्षे ती स्वतःच स्वतःचा पुरावा होती. ‘असेच चालत आले आहे’ म्हटले की बोलणे संपत असे, आणि समोरच्याला मान खाली घालावी लागे. कोर्टात तेच वाक्य वादीचा आरोप ठरले. सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आला, उलटतपासणी झाली, आणि हायकोर्टापर्यंत जाऊनही ते सिद्ध झाले नाही. मुद्द्यांच्या त्या अरुंद रकान्यांनीच हे घडवून आणले. मोठ्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी शास्त्रार्थ झाला असता तर तो आजवर चालला असता.

तरी मोठा प्रश्न राहिलाच, आणि तो राहिल्याचे निकालपत्रातच सांगितलेले आहे. रूढी शाबीत झाली असती, तर ती गैरवाजवी किंवा सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता, असे ब्रूमफील्ड म्हणतात. शिवाय तो मुद्दा खालच्या कोर्टांत काढलाच गेला नव्हता, याचीही नोंद करतात. म्हणजे उद्या दुसऱ्या एखाद्या गावाने आपली रूढी खरोखर जुनी असल्याचे दाखवून दिले असते तर काय, याचे उत्तर महाडच्या माणसांना दहा वर्षे थांबूनही मिळाले नाही.

दहा वर्षे फार असतात. तेवढ्यात आंबेडकर गोलमेज परिषदेला जाऊन आले, पुणे करारावर सही झाली, नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला आणि आवरलाही, येवल्यात ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा झाली, स्वतंत्र मजूर पक्षाची उमेदवारी घेऊन ते मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. तळ्याचे पाणी कायद्याने मिळाले तेव्हा ते मागणारा माणूस ते मागण्याच्या पलीकडे गेला होता. उशिरा लागलेल्या निकालाविषयी बोलताना आपण फक्त अन्यायाचा विचार करतो. पण दावा एका जागी उभा असताना माणसे आणि चळवळी पुढे निघून जातात, कधी शहाण्या होऊन, कधी कडवट होऊन.

कधी मात्र त्या पुढे जाऊच शकत नाहीत. बेळगाव-कारवार-निपाणीचा सीमाप्रश्न महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. ८६५ गावांवरचा दावा. महाजन आयोगाच्या अहवालानंतर राजकारणातून काहीच हाती लागत नव्हते, तेव्हा ते पाऊल समजण्यासारखे होते. पण त्यानंतरच्या दोन दशकांत मुंबईतल्या प्रत्येक सरकारला एक वाक्य आयते मिळाले: प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. विधानसभेत कोणी विचारले, न्यायप्रविष्ट. सीमाभागातल्या मराठी शाळांचे काय, न्यायप्रविष्ट. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारी तिथली म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत. त्यांना जे उत्तर आपण राजकीय हिमतीने द्यायचे होते, त्याची जबाबदारी आपण दिल्लीतल्या एका फायलीवर टाकून मोकळे झालो. यात कोर्टाचा दोष मला तरी दिसत नाही.

मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी त्यांना हटवण्याचे जाहीर केले, ओल्गा टेलिस ही पत्रकार आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले, आणि १९८५ च्या जुलैमध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने सांगितले की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचे साधनही येते. देशभरच्या पुढच्या कितीतरी निकालांचा पाया त्या एका वाक्यावर आहे. पण त्याच निकालाने, पावसाळा सरल्यावर, रीतसर नोटीस देऊन झोपड्या काढायला पालिकेला मुभा दिली. ज्यांच्या नावाने हक्क मिळाला, त्यांच्यातल्या अनेकांना त्या हक्काखाली डोके टेकवता आले नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल अभिमानाने शिकवतात आणि शिकवावाच. फक्त त्याची शेवटची पाने गाळू नयेत.

ब्रूमफील्डांनी बाजूला ठेवलेला तो प्रश्न कोर्टाने सोडवला नाही. तो सुटला घटना समितीत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद तिथे संमत झाला, तेव्हा रूढी किती जुनी याची विचारणा करण्याचे कारणच उरले नाही. आणि राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम वाचताना महाडचे वादपत्र समोर उघडून ठेवावे असे मला नेहमी वाटते. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते असे शब्द एखाद्या राष्ट्राच्या मूलभूत हक्कांत सहसा सापडत नाहीत. आपल्याकडे ते आहेत. बोले यांच्या ठरावातला सार्वजनिक पैसा तिथे पुन्हा येतो, आणि एक पाऊल पुढे टाकून येतो: पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेले, किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी वाहिलेले. काठावरची पायरी कोणाची, बांध कोणाच्या हद्दीत, असे विचारत ज्या माणसाला दहा वर्षे कोर्टात उभे केले गेले, तोच मसुदा समितीचा अध्यक्ष होता. पुढच्या कोणा वादीला मालकीचा मुद्दा काढून पाणी अडवता येऊ नये, याची तजवीज त्या कलमात शब्दाशब्दाने केलेली आहे.