बिनरेघेची चाळिशी

मराठी भाषा भलतीच तोंडाळ आहे बुवा. वाचायच्या चष्म्याचं नावच 'चाळिशी'! वय लपवायची सोयच नाही. म्हणून तर प्रोग्रेसिव्ह लेन्सचं एवढं कौतुक. बायफोकलची ती चुगलखोर रेघ नाही, त्यामुळे ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही. फ्रान्समध्ये 1959 साली पहिली 'व्हॅरिलक्स' विकायला आली, तेव्हापासून हे गुपित सुरू आहे.

यंदा आईला आणि मला एकदमच नवे चष्मे करायचे होते. दादरच्या दुकानात तीन डिझाईन्स पुढ्यात आली, किमती चढत्या भाजणीत. "मॅडम, दोघींना टॉपचीच घ्या." पण का?

या लेन्समध्ये वर लांबचा नंबर, खाली जवळचा आणि मध्ये हळूहळू बदलणारी चिंचोळी पट्टी. तिला म्हणतात कॉरिडॉर. बाजूला नजर गेली की जग डुलायला लागतं. मिंकविट्झ नावाच्या जर्मन गणितज्ञानं 1963 मध्ये त्याचा हिशेबच मांडला: मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगानं बदलतो, त्याच्या साधारण दुप्पट वेगानं बाजूला दोष वाढतो. कंपनी कुठलीही असो, हा धूसरपणा पुसता येत नाही, फक्त इकडचा तिकडे सरकवता येतो. 'हार्ड' डिझाईन तो कडेला कोंबतं. लांबचं-जवळचं ऐसपैस दिसतं, पण कड अंगावर येते. 'सॉफ्ट' तो पातळ करून पसरवतं. डुलणं कमी, पण लख्ख दिसणारी जागाही कमी. महागडं फ्री-फॉर्म तुमच्या डोळ्यांच्या आणि फ्रेमच्या मापानं घडवलेलं असतं. माप चोख घेतलं तरच त्याचे पैसे वसूल! आणि हो, छोट्या स्टायलिश फ्रेममध्ये कॉरिडॉर आखूड होतो, म्हणजे दोष जास्त.

माझा जवळचा वाढीव नंबर जेमतेम सव्वा. बदलच कमी, म्हणून धूसरपणाही कमी. लोअर परळच्या ऑफिसातल्या माझ्या स्क्रीनसाठी साधी सॉफ्ट लेन्स पुरली.

आईचं गणित वेगळं. वय 72, वाढीव नंबर अडीच, घर गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना उतरताना नजर जाते लेन्सच्या खालच्या भागातून. तो भाग हातातल्या पेपरसाठी, फार तर दीड फुटासाठी. पायरी त्याच्या तिप्पट लांब! ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास 2010 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. नेहमी बाहेर हिंडणाऱ्या ज्येष्ठांना घराबाहेर फक्त लांबच्या नंबरचा चष्मा दिला, तर त्यांचं पडणं घटलं. जे फारसे बाहेर पडत नाहीत, त्यांचं मात्र बाहेर पडणं-धडपडणं उलट वाढलं. आई रोज भाजीला जाते, म्हणजे पहिल्या गटातली.

"अगं, पण भिशीतल्या सगळ्यांचे बिनरेघेचेच आहेत," आई कुरकुरली.

"दोन वेगळे चष्मे घेतलेस तर कुठे रेघ असणार आहे त्यांना?"

सेल्समनचा चेहरा पडला. आईनं क्षणभर विचार केला आणि अट घातली. जिन्यावरच्या चष्म्याची फ्रेम लाल हवी, आणि वाचायच्या चष्म्याला मोत्यांची साखळी.